‘कधीतरी’ म्हणजे किती?

एप्रिलमध्ये परीक्षा संपली त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. ती नर्सिंगमध्ये एमएस्सी करते आणि तिच्या प्रबंधाचा विषय दारू आहे. खरं तर दारू नाही. दारूबद्दल लोक काय सांगतात, आणि विचारायची पद्धत बदलली की सांगणं किती बदलतं, हा. कन्नडमध्ये प्रश्नावली तिच्याकडे होती, मराठीत नव्हती. बेळगावात आणि खानापूरकडच्या गावांत फिरायचं तर मराठी हवीच. ‘तू साहित्याची ना, तुला काय, दोन तासांचं काम,’ ती म्हणाली.

ते दोन तासांचं काम तीन आठवडे चाललं, आणि त्या तीन आठवड्यांत मी आमच्या घरात जे करून बसले ते सांगण्यासाठी हा लेख आहे. मंडळाच्या अंकात एरवी आपण कवितांबद्दल लिहितो. पण मला वाटतं हाही शब्दांचाच विषय आहे.

ताईने पाठवलेल्या प्रश्नावलीचं नाव ‘ऑडिट’. जागतिक आरोग्य संघटनेने ती सहा देशांत तपासून तयार करवली: ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका. दहा प्रश्न, शून्य ते ४० गुण. पहिले तीन प्रश्न किती आणि किती वेळा पिता याचे, पुढचे तीन सवय कितपत जडलीय याचे, उरलेले चार झालेल्या नुकसानीचे. ८ किंवा त्याहून जास्त गुण आले की डॉक्टरने कान टवकारायचे. इतकं साधं. मी पेन घेऊन बसले आणि पहिल्याच प्रश्नाच्या पहिल्याच क्रियापदाला अडकले.

‘तुम्ही दारू पिता का?’ हे मराठीत विचारताच येत नाही. म्हणजे व्याकरणाने येतं, पण ते ऐकणाऱ्या माणसाला आपण गटारात पडलेलं बघितलंय असं वाटतं. आपल्याकडे सभ्य माणूस दारू पीत नाही, तो ‘घेतो’. ‘थोडी घेतो.’ ‘कंपनी द्यायला घेतो.’ पिणारा वेगळा, तो पलीकडच्या गल्लीतला. आणि बिअर ही तर बऱ्याच जणांच्या मते दारूच नाही. ताईच्या एका मैत्रिणीने गंमत म्हणून आधी ‘दारू’ असा प्रश्न केला, मग ‘बिअर, व्हिस्की, रम, फेणी यातलं काही घेता का’ असा केला. त्याच माणसाने पहिल्याला ‘नाही’ आणि दुसऱ्याला ‘हो’ म्हटलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोक्यातल्या शब्दकोशात ते दोन वेगळे प्रश्न होते. मी शेवटी लिहिलं: ‘बिअर, वाईन, व्हिस्की, रम, ब्रँडी, फेणी, ताडी किंवा गावठी यांपैकी काही तुम्ही घेता का?’ ताई म्हणाली, ‘सारायी पण घाल.’ कर्नाटकात सारायीवर २००७ पासून बंदी आहे. म्हणजे तो शब्द घातला की नुसती लाजच नाही, पोलीसही प्रश्नावलीत येऊन बसतात. पण घातला.

पुढचा अडथळा ‘एक ड्रिंक’. संशोधनात एक ड्रिंक म्हणजे ठरावीक वजनाचा शुद्ध अल्कोहोल. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅम धरते, ब्रिटिश लोक ८, अमेरिकन १४. म्हणजे ‘मी दोन घेतो’ हे वाक्य लंडनला एक आणि न्यूयॉर्कला भलतंच. आपल्याकडे व्हिस्की, रम वगैरे साधारण ४२.८ टक्क्यांची असते. ३० मिलिलिटरचा छोटा पेग धरा, त्याला ०.४२८ ने गुणा, मग अल्कोहोलच्या घनतेने, म्हणजे ०.७८९ ने, उत्तर १० ग्रॅमच्या जवळ येतं. चला, निदान छोटा पेग आणि आंतरराष्ट्रीय ड्रिंक यांची कुंडली जुळली. ९० चं पाकीट म्हणजे तीन ड्रिंक. क्वार्टर म्हणजे सहा. ६५० मिलिलिटरची साधी बिअर अडीच, स्ट्राँग असेल तर चार. हे मी प्रश्नावलीसोबतच्या चित्रकार्डावर लिहिलं आणि मला फार हुशार वाटलं. मग ताईने विचारलं, ‘आणि घरातला स्टीलचा ग्लास?’

सर्वांत जास्त दमवलं ते सातव्या प्रश्नाने. प्यायल्यानंतर अपराधीपणा किंवा पस्तावा वाटला का, असा तो आहे. मी बेधडक ‘पश्चात्ताप’ लिहून टाकलं. आमच्या घरात हा शब्द लहानपणापासून कानावर. भाषांतर नीट उतरलं का हे बघायला ते दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून घेतात. एका कन्नड माध्यमातल्या बाईंनी ते केलं, आणि इंग्रजीत आलेला शब्द थेट चर्चमधला होता. ताईच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, ‘हे काय, मिसाला बोलावताय का लोकांना?’ मग ‘खंत’ लिहून बघितलं, ते फार पुस्तकी झालं. ‘अपराधी भावना’ म्हटलं की कोर्ट आठवतं. अखेर ‘नंतर मनाला लागलं, चुकल्यासारखं वाटलं, असं किती वेळा झालं?’ यावर तडजोड झाली. अजूनही मला ते पटलेलं नाही. ‘मनाला लागणं’ हे दुसऱ्याने बोलल्यावर होतं, आपलं आपल्याला नाही.

पण भाषांतर हा ताईचा अर्धाच प्रश्न होता. उरलेला अर्धा असा: समजा शब्द अगदी बरोबर निवडले, तरी माणूस सांगेल ते खरं असेल का?

याबद्दल ताईने मला जे वाचायला दिलं त्याने मी हादरले. अनेक देशांत असं करून पाहिलंय की पाहणीत लोकांनी सांगितलेली सगळी दारू एकत्र करायची आणि विक्रीच्या आकड्यांशी ताडून बघायची. साधारण निम्मीच सापडते. कुठे ४० टक्के, कुठे ६०. बाकीची दारू विकली गेलीय, कर भरला गेलाय, पण ती कुणीच प्यायलेला नाही. १९७३ पासून अमेरिकेत टूसॉन शहरात विल्यम राथ्ये नावाच्या पुरातत्त्वज्ञाने लोकांचा कचरा उपसायला सुरुवात केली. जुनी संस्कृती जशी खापरांवरून ओळखतात तशी चालू संस्कृती कचऱ्यावरून. लोकांनी मुलाखतीत सांगितलेली बिअर आणि त्यांच्याच कचऱ्यातले डबे यांचा मेळ बसेना. डबे जास्त होते. (आपल्याकडे हा अभ्यास करायला पुरातत्त्वज्ञ नको, भंगारवाला पुरेल.)

आपल्या देशातलंच घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, १५ वर्षांवरचे १९ टक्के पुरुष आणि १ टक्का स्त्रिया दारू घेतात असं आलं. त्याच सुमाराला, २०१९ मध्ये, दिल्लीच्या एम्सने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला, त्यात पुरुषांचा आकडा २७.३ टक्के आहे. त्यात तर १० वर्षांपासूनची मुलंही मोजलीत, म्हणजे टक्का खरं तर खाली यायला हवा. एक पाहणी बाळंतपण, लसी, शौचालय असं सगळं विचारता विचारता दारूवर येते, दुसरी नशेबद्दलच विचारायला दारात उभी राहते. फरकाचं सगळं कारण हेच, असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही आकडे वर्तमानपत्रात ‘इतके भारतीय दारू पितात’ अशाच मथळ्याने छापून येतात. ‘इतके भारतीय पितो म्हणाले’ असं कुणी छापत नाही.

कमी का सांगतात? लाज हे एक कारण झालंच, पण मला वाटायचं तेच एकमेव आहे, तसं नाही. विसरतात. मनातल्या मनात सरासरी काढतात, आणि सरासरी काढताना माणूस आपला नेहमीचा शहाणा दिवस धरतो, लग्नाची रात्र धरत नाही. ग्लास मोठा असतो. आणि जे सर्वांत जास्त पितात ते पाहणी करणाऱ्याला घरी सापडतच नाहीत.

म्हणून मग पद्धती निघाल्या. एक सरधोपट: नेहमी किती वेळा घेता, एका वेळी किती? गुणाकार करा. दुसरी दिनदर्शिकेची. ही लिंडा आणि मार्क सोबेल या संशोधक जोडप्याने रूढ केली. कालपासून मागे जायचं, एकेक दिवस. पगार कधी झाला, कुणाचं बारसं होतं, पाऊस कधी आला, अशा खुंट्यांना धरून धरून. तिसरी, समोरचा माणूसच काढून टाकायची: कानात प्रश्न ऐकू येतो, उत्तर पडद्यावर बोटाने द्यायचं, विचारणारीला दिसत नाही. नाजूक गोष्टी माणसाला सांगण्यापेक्षा यंत्राला सांगणं लोकांना सोपं जातं, हे बऱ्याच ठिकाणी दिसून आलंय. तर दारूची रोजवही, रक्ताच्या तपासण्या वगैरे पुष्कळ आहे, ते सोडते.

मला स्वतःला सगळ्यात आवडली ती नाणेफेकीची. मूळ कल्पना स्टॅन्ली वॉर्नर यांची, १९६५ ची. तिच्या पुढे बऱ्याच तऱ्हा झाल्या. त्यांतली एक अशी. समजा वडोदऱ्याच्या आपल्या मराठी गल्लीत विचारायचंय. गुजरातेत दारूबंदी, तिथे ‘घेतो’ म्हणणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. माणसाला नाणं द्यायचं. कोपऱ्यात जाऊन उडव, मला दाखवू नको. छापा पडला तर काहीही असो, ‘हो’ म्हण. काटा पडला तर खरं सांग. आता शंभर जणांत सुमारे पन्नास ‘हो’ नाण्याचे. एकूण ६५ ‘हो’ आले, तर वरचे १५ उरलेल्या पन्नासातले. म्हणजे शंभरातले सुमारे ३० जण घेतात. आणि ‘हो’ म्हणालेल्या एकाही माणसाबद्दल तो खरंच घेतो की नाही हे तुम्हाला कळलेलं नाही! गोष्ट कळली, माणूस झाकलेला राहिला. हे वाचून मी ताईला रात्री अकराला मेसेज केला. तिने नुसता अंगठा पाठवला.

आमच्या लोकांनी हे फार आधीच शोधलं होतं, असंही मनात आलं. कुमसाराला जाताना गंभीर पापं प्रकार आणि संख्या दोन्ही सांगून कबूल करायची, असं आम्हाला धर्मशिक्षणात शिकवतात. नुसतं ‘कधीतरी’ चालत नाही. आणि कुमसाराच्या खोक्यातली ती जाळी सोळाव्या शतकात मिलानच्या चार्ल्स बोरोमिओंनी आणली, म्हणजे पलीकडचा चेहरा नीट दिसत नाही. आणि ऐकलेलं बाहेर जात नाही. जाळी आणि गुपित. हे दुसरं मी त्या वेळी नीट लक्षात घ्यायला हवं होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ताई म्हणाली, मराठी प्रश्नावली दोन-तीन जणांवर करून बघ, शब्द अडखळतात का तेवढं कळव. उत्तरं नकोत मला. मी म्हटलं, करते.

आणि पपाला विचारलं.

इथे थोडं सांगायला हवं. पपा उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे. संध्याकाळी येतो, अंघोळ करतो, कधीकधी पाकीट आणलेलं असतं, ते मागच्या अंगणात बसून संपवतो, जेवतो, झोपतो. आरडाओरड नाही, मारहाण तर नाहीच. कॉलेजात पहिल्या वर्षी कुणी तरी मला म्हणालं होतं, ‘तुमच्यात काय, चालतंच की.’ तेव्हा चिडले होते. पण आमच्यात खरंच चालतं. रोसाला, बारशाला, सणाला बाटली टेबलावर उघडी असते. इतरांना लपवायचं असतं म्हणून ते मोजत नाहीत, आम्हाला लपवायचं नसतं म्हणून आम्ही मोजत नाही. त्यामुळे पपाच्या पिण्याबद्दल घरात कधी कुणी बोललेलंच नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही.

घरात आम्ही कोंकणी-मराठी काहीतरी मिळून बोलतो आणि मी पपाला ‘तू’च म्हणते. पण प्रश्नावलीत ‘तुम्ही’ होतं. पहिलं ‘तुम्ही’ ऐकल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं, आत गेला, बनियनवर शर्ट चढवून आला आणि खुर्चीत ताठ बसला. ‘हां, विचारा मॅडम.’

‘महिन्यातून दोन ते चार वेळा’ हे त्याचं पहिलं उत्तर. एका वेळी किती? ‘एक किंवा दोन.’ एका बैठकीत सहा किंवा जास्त? ‘छ्या. कधीच नाही.’ तीन प्रश्नांचे मिळून २ गुण. सातवा प्रश्न, मनाला लागलं का? ‘काय विचारायलीस गं? कशाला लागेल?’ दहावा, घरच्यांनी, मित्राने, डॉक्टरने काळजी बोलून दाखवली का? ‘नाही.’ सगळं चार मिनिटांत झालं. शब्द कुठेच अडखळले नाहीत. मी थांबायला हवं होतं.

पण मला दिनदर्शिका करून बघायची होती. मी कॅलेंडर काढलं आणि म्हटलं, कालपासून मागे जाऊ. काल? काही नाही. मग थांबून, ‘काल ते एक पाकीट होतं.’ परवा? पगाराच्या दिवशी? सात तारखेला वर्कशॉपमधले सगळे बसले होते, तिथे क्वार्टर. एक मेला सुट्टी, पुन्हा क्वार्टर. ‘रात्रभर लाईट गेली होती तो शनिवार?’ ‘छ्या, लवकर झोपलो त्या दिवशी.’ मी तिथे रेघ मारली. पलीकडच्या गल्लीत रोस होता त्या रात्री? तो हसला. ‘तिथलं कोण मोजतंय?’ गोव्याहून पाहुण्यांनी हुर्राक आणली होती. जसजसे दिवस मागे जायला लागले तसतशी त्यालाही गंमत वाटायला लागली, माझ्या आधी तोच आठवून सांगायला लागला: ‘त्या बुधवारी तू ग्रंथालयातून उशिरा आलीस ना, तेव्हा पण.’ त्या बुधवारी मी उशिरा आले हे त्याला आठवत होतं, आणि ते पाकिटाला जोडून आठवत होतं.

चौदा दिवसांत नऊ दिवस. सहा दिवस ९० चं पाकीट, दोन दिवस क्वार्टर, एक रोस. रोस सोडून ३० ड्रिंक. आधीच्या उत्तरावरून हिशेब केला तर पंधरवड्यात फार तर चार येत होते. आणि तेच तीन प्रश्न मी मनातल्या मनात नव्या माहितीवर सोडवले: आठवड्यातून चारपेक्षा जास्त वेळा, ४ गुण, एका वेळी तीन, १ गुण, सहा किंवा जास्त आठवड्याला, ३. तीन प्रश्नांतच ८. पपा पहिल्या वेळी खोटं बोलला होता का? मला तसं वाटत नाही. त्याने ‘पिणं’ मोजलं होतं. अंगणातलं पाकीट त्याच्या मते पिणं नव्हतंच, अंघोळीसारखं होतं ते.

गंमत म्हणजे मम्मीला स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येत होतं. नंतर मी तिला सहज विचारलं, किती दिवस असेल गं? ‘रोज,’ ती म्हणाली. ‘रोज नाही, मी मोजले, नऊ.’ ‘रोजच.’ संशोधनात असं जवळच्या माणसाला विचारून पडताळा घेतात. पण मम्मीचं ‘रोज’ हे पपाच्या ‘कधीतरी’च्याच जातीचं होतं. ज्या दिवशी पाकीट नसतं त्याही दिवशी ती सातपासून फाटकाकडे कान लावून असते, असं मला त्यानंतर दिसायला लागलं. तिच्या हिशेबात ते दिवसही आहेत.

गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या पुरुषांवर दारूच्या समुपदेशनाचा प्रयोग केला होता, तो २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. त्यात दोन्ही मापं लावली होती, ऑडिटचे गुणही आणि मागच्या चौदा दिवसांची दिनदर्शिकाही. समुपदेशन घेतलेल्यांत ऑडिटचे गुण ८ च्या खाली आलेले जास्त होते, चौदा दिवस अजिबात न घेतलेलेही जास्त होते. पण जे पीतच राहिले त्यांची रोजची दारू काही कमी झालेली नव्हती. एकाच माणसांवर दोन मोजपट्ट्या आणि दोन गोष्टी. हे वाचलं तेव्हा ते मला परीक्षेच्या प्रश्नासारखं वाटलं होतं. आता पपाची चौदा घरं हातात धरून वाचताना तसं वाटेना.

तिथेही मी थांबले नाही. ताईकडे टॅब्लेट-हेडफोनची सोय होती, माझ्याकडे फोन. मी प्रश्नावली फोनवरच्या फॉर्ममध्ये टाकली, दोन दिवसांनी पपाला लिंक पाठवली आणि म्हटलं, ‘एकटा बसून भर. कुणी बघणार नाही, मीसुद्धा नाही.’ तो अंगणात बसून चष्मा लावून भरत होता. चांगली वीस मिनिटं लावली त्याने.

उत्तरं माझ्याच खात्यात येणार होती. मी ती उघडली.

बहाणा तयार होता, शब्द अडखळले का बघायचे होते. पण खरं सांगते, मी थेट सातव्या प्रश्नावर गेले. मनाला लागलं, चुकल्यासारखं वाटलं: ‘दर महिन्याला’. आणि दहावा. जवळच्या कुणी काळजी व्यक्त केली, कमी करायला सुचवलं: ‘हो, गेल्या वर्षभरात’.

हे कुणी केलं? मम्मीने कधी काही बोललेलं मला माहीत नाही. मी तर नाहीच. डॉक्टरकडे तो जात नाही. रात्री झोपच येईना. कुणीच न बोललेली काळजी त्याने ऐकली होती की काय, फाटकाकडे लावलेला तो कान त्याला कळत होता की काय? की वर्कशॉपमधलं कुणी? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर मी उघडलं हे कळलं असतं. त्याने जे खरं सांगितलं होतं ते मी तिथे नाही म्हणून सांगितलं होतं, आणि मी तिथे होते. जाळीच्या अलीकडे फादरच्या जागी मुलगीच बसलेली.

सकाळी ताईला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, ‘म्हणूनच आपण आपल्या माणसांना विचारत नाही. पहिल्याच तासाला शिकवतात हे.’ मग म्हणाली, फॉर्म काढून टाक, त्याचं उत्तर कशातच धरायचं नाही, आणि त्याला सांग. पहिल्या दोन गोष्टी मी पाच मिनिटांत केल्या. तिसरीला दीड महिना लागला.

सांगितलं ते हा लेख लिहून. कच्चा मसुदा छापून पपाच्या हातात दिला आणि म्हटलं, तू नको म्हणालास तर देणार नाही. पपा कन्नड माध्यमात शिकलेला, मराठी छापील वाचायला त्याला वेळ लागतो. अंगणात बसून वाचलं. मी आत भांडी घासत होते, मम्मी फाटकाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. बऱ्याच वेळाने तो आला. दहाव्या प्रश्नाबद्दल काही बोलला नाही. मी उघडलं त्याबद्दलही नाही. कागद ओट्यावर ठेवला आणि जेवायला बसला.

नंतर बघितलं तर पेन्सिलीने एकच दुरुस्ती केली होती. ‘चौदा दिवसांत नऊ’ मधल्या नऊवर काट मारून वर १० लिहिलं होतं, आणि बाजूला बारीक अक्षरात: ‘लाईट गेली तो शनिवार. ९०.’